जमिनीचा टंच : काठमांडूतल्या गलाईवाल्या बांधवांना खुलं पत्र

खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव सोडून काठमांडूत सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्या पेटवलेल्या माझ्या भावांनो आणि वहिनींनो,

गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाने, बंडूने, नव्या दुकानाचा फोटो पाठवला. न्यू रोडच्या मागची गल्ली, वर केलेलं शटर, झेंडूचं तोरण, कोपऱ्यात रेवणसिद्धाची तसबीर. खाली लिहिलं होतं, ‘आक्का, सहा मजली बिल्डिंग हाय. २०१५ च्या भूकंपात केसाएवढा तडा गेला नाही. पास झालेली बिल्डिंग हाय.’

त्याला मी अंगठा पाठवला आणि दोन दिवस अस्वस्थ राहिले. कारण हे वाक्य एकट्या बंडूचं नाही. तुमच्यातल्या निम्म्या जणांकडून मी ते ऐकलंय, तुमच्या घरबेटींकडून, म्हणजे घरमालकांकडून ऐकलंय, एकदा तर एका इंजिनिअरकडूनही ऐकलंय. म्हणून पत्र एकट्या बंडूला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे. तो रागावेल, पण तो माझ्यावर लहानपणापासून रागावतोच.

मी कोण ते आधी सांगते. माझे वडील मदुराईत गलाई करायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुकानात टाकणखाराच्या डब्यांशेजारी बसून त्यांना कसोटीवर सोनं घासताना बघायची. पुढे मी सिव्हिल शिकले आणि त्यातही मातीच्या मागे लागले. बोअर मारायचे, नमुने काढायचे, पायाखाली काय आहे ते लिहून द्यायचं, हे माझं काम. वडील आल्यागेल्याला सांगायचे, ‘मी धुळीतनं सोनं काढतो, आन् ही लोकांचं सोन्यासारखं पैसं घालून मातीच काढती.’

२०१५ च्या भूकंपानंतरचा हिवाळा मी तुमच्यातच काढला. एका पुनर्बांधणीच्या कामासाठी माती तपासायला आले होते. भारताच्या सीमेवरून नेपाळात माल येणं बंद होतं, ते नाकाबंदीचे दिवस होते. गॅस नव्हता, डिझेल नव्हतं, आणि माझ्या पासपोर्टचा रंग बघून भाजीवालासुद्धा दोन शब्द सुनवायचा. मशीनची रिग चालवायला डिझेल मिळेना, तेव्हा लोखंडी नळ्यांचं तिकाटणं उभं करून, कप्पीवरून दोर टाकून हातानेच काम केलं.

त्यातला एक दिवस सांगायलाच हवा.

नदीपासून हाकेच्या अंतरावर, चार आण्यांचा प्लॉट. (आणा म्हटल्यावर गावाकडचे हसतात. पण काठमांडूत सोळा आण्यांची रोपनी होते आणि एक आणा म्हणजे जेमतेम बत्तीस चौरस मीटर, हे तुम्हाला सांगायला नको.) आमची तपासणी साधी असते. नळीच्या टोकाला पोकळ नमुनापात्र, वरून साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडायचा, आणि पात्र शेवटचं तीस सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे. कडक मुरमात पन्नास ठोके मारूनही ते हलत नाही. तिथे पहिले दोन-अडीच मीटर विटांचे तुकडे, चिंध्या, प्लास्टिक, म्हणजे भराव. मग राखाडी, ओली वाळू. सहा मीटरवर आमचा माणूस मोजायला लागला, ‘एक, दुई, तीन, चार,’ आणि थांबला. मला वाटलं दोर अडकला. अडकला नव्हता. तीस सेंटिमीटर संपले होते.

पात्र वर काढून आडवं ठेवलं आणि त्याची दोन फाळकी उघडली. आत काजळासारखी काळी, चकचकीत, ओली चिकणमाती. सुरीने कापली तर लोण्यासारखी कापली गेली. कुजक्या पानांचा वास आला. अंगठा दाबला तर पेरभर आत. तिथले लोक तिला कालीमाटी म्हणतात. त्या नावाचा अख्खा मोहल्ला तुमच्या शहरात आहे, तिथे तुम्ही भाजी घ्यायला जाता. आपल्याकडची काळी माती वेगळी, ती बेसाल्ट झिजून झालेली. ही माती तळ्याच्या तळाशी बसलेली आहे.

कारण काठमांडू म्हणजे आटलेलं तळं. आपल्या परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण काढलं, तसं त्यांच्या मंजुश्रीने चोभारच्या डोंगरावर तलवार चालवली आणि तळ्याचं पाणी वाहून गेलं, अशी कथा आहे. भूवैज्ञानिकांचं म्हणणं तपशिलात निराळं असलं तरी गोष्ट तीच. साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे तळं होतं, आणि बागमती आजही चोभारच्याच खिंडीतून बाहेर पडते. तळ्याने मागे ठेवलेला गाळ खोऱ्याच्या मधोमध पाचशे मीटरहून जाड आहे. सात कुतुबमिनार एकावर एक उभे केले तरी बुडतील. पण तो सगळीकडे सारखा नाही. स्वयंभू, पशुपती, कीर्तिपूर, चोभार इथे खडक डोकं वर काढतो, आणि तिथून थोडं पुढे गेलं की खाली शेकडो मीटर गाळ. म्हणून ‘काठमांडूची जमीन कशी आहे?’ हा प्रश्नच चुकीचा. कुठल्या वडातली (वॉर्डातली), कुठल्या गल्लीतली, किती खोलीवरची, ते विचारायचं.

आता ‘पास झालेल्या’ बिल्डिंगकडे येते.

खरवसाची वडी ताटलीत ठेवून ताटली हलवून बघा. ताटली थांबते, वडी हलतच राहते. तिची स्वतःची एक लय असते. खडक म्हणजे ताटली आणि गाळ म्हणजे खरवस. शिवाय खोऱ्याच्या चारही बाजूंना डोंगर असल्यामुळे आत शिरलेल्या लाटा कडांवर आपटून परत येतात आणि हादरा लांबतो.

जशी गाळाला लय, तशीच इमारतीलाही. आमचा ठोकताळा असा की एका मजल्याला सेकंदाचा एक दशांश. पाच-सहा मजली इमारत एकदा जाऊन परत यायला अर्धा-पाऊण सेकंद घेते. आता झोका आठवा. झोक्याच्या तालावर हलके धक्के दिले तरी तो आभाळाला जातो. ताल चुकवून कितीही जोर लावला तरी धक्का देणाऱ्याचेच हात दुखतात. इमारतीचं असंच असतं. जमिनीची आणि इमारतीची लय जुळली की इमारतीचं मरण ओढवतं.

२५ एप्रिल २०१५ ला, शनिवारी ११ वाजून ५६ मिनिटांनी, गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळून ७.८ तीव्रतेचा भूकंप निघाला आणि पूर्वेकडे, काठमांडूच्या पोटाखालून फाटत गेला. पण तो फाटला संथपणे. भेग जमिनीवर आलीच नाही. अख्खं काठमांडू सुमारे मीटरभर वर उचललं गेलं, पण एखाद्या म्हाताऱ्याने कण्हत उठावं तसं. काठमांडूतल्या कांतिपथावरच्या भूकंपमापक यंत्राने जी नोंद केली तिच्यात जमिनीचा मुख्य हेलकावा चार ते पाच सेकंदांचा आहे. गाळाच्या त्या जाड थराची लयही तशीच लांब, म्हणून तो आणखी फुगला. तुमच्यापैकी जे त्या दिवशी तिथे होते ते सगळे हेच सांगतात, ‘होडीत बसल्यासारखं झालं.’ बरोबर आहे.

चार-पाच सेकंदांची लय कुणाची? चाळीस-पन्नास मजल्यांची. तशी इमारत काठमांडूत एकही नाही. त्यातल्या त्यात उंच, पंधरा-सतरा मजली अपार्टमेंटांच्या भिंती तडकल्या, लोक महिनोनमहिने परत राहायला गेले नाहीत. बंडूच्या सहा मजल्यांना झोका मिळाला तो ताल चुकलेला. बिल्डिंग चांगली निघाली म्हणून वाचली, की पेपर तिच्यासाठी नव्हताच म्हणून वाचली, हे २०१५ वरून कळूच शकत नाही.

आणि पेपर सोपाही होता. कांतिपथाच्या नोंदीतला सर्वांत मोठा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ०.१६ पट. नेपाळच्या २०२० च्या भूकंप संहितेत काठमांडूतली इमारत आखताना खडकाळ जमिनीवरसुद्धा धरायला सांगितलेला आकडा ०.३५ आहे, मातीचा हिशेब त्यावर आणखी वेगळा. म्हणजे त्या संहितेने ज्या परीक्षेची तयारी करायला सांगितलं तिच्या निम्माही पेपर २०१५ ला आला नव्हता, आणि आपण पेढे वाटले.

पुढचा भूकंप असाच कण्हत येईल असं कुणी लिहून दिलेलं नाही. लहान पण जवळून आलेला, साडेसहाच्या आसपासचा, कडक हिसक्यांचा भूकंप तुमच्या चार-सहा मजल्यांच्या तालावर येऊ शकतो. खोऱ्याच्या कडेला, जिथे गाळ पातळ आहे, तिथल्या जमिनीची लयच तशी आखूड असते. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत काय झालं ते बघा. तेही आटलेल्या तळ्यावर वसलेलं शहर. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब, समुद्रकिनाऱ्याकडे. तिथल्या गाळाची लय दोन सेकंदांची, आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती वेचून काढल्यासारख्या पडल्या. त्यांच्या शेजारची बुटकी घरं आणि एक चव्वेचाळीस मजली मनोरा उभे राहिले. आपल्याजवळचं उदाहरण हवं तर २६ जानेवारी २००१ चं अहमदाबाद. कच्छमधल्या भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब, साबरमतीच्या गाळावरच्या बहुमजली इमारती बसल्या.

तुम्ही म्हणाल, गोंगबूला तर २०१५ मध्येही पाच-सहा मजली इमारती पडल्या, मग ताल चुकल्याचं काय? चांगला प्रश्न आहे, आणि माझा सगळा जीव त्याच प्रश्नात अडकलाय. नव्या बसपार्कभोवतीची ती हॉटेलं, गेस्ट हाउस आठवा. काही कुशीवर आडवी झाली होती, काहींचा तळमजला नाहीसा होऊन पहिला मजला रस्त्याला टेकला होता. मी गेले तेव्हा काही तशीच उभी, म्हणजे झुकलेली, होती. एका इमारतीच्या उघड्या पडलेल्या फुटिंगपाशी, म्हणजे खांबाखालच्या पायापाशी, मी तासभर बसले. पाच फूट बाय पाच फूट, खोलीही तेवढीच. चार मजल्यांसाठी कदाचित पुरलं असतं. वर सात होते. नंतरचे मजले कधी चढले ते विटांच्या रंगावरून कळत होतं. खाली नदीकाठची मऊ माती, वर नंतर चढवलेला भार, आणि तळमजल्यावर सगळी शटरं. अशांना सोपा पेपरही जड गेला.

शटरांचं जरा सांगते, कारण तुमचं पोट त्याच्याच मागे आहे. राखणीला शेतात आपण माचाण उभारतो, चार मेढी आणि वर झोपडी. वारा आला की झोपडीला काही होत नाही, मेढी कलतात. खाली दुकानांसाठी मोकळं आणि वर खोल्याखोल्यांच्या भिंती असलेली इमारत म्हणजे माचाणच. हिसका बसला की सगळा बाक तळमजल्याच्या खांबांत येतो. ‘पिलर सिस्टमको घर हो, ढुक्क हुनुस्’ (पिलरचं घर आहे, निश्चिंत राहा) असं घरबेटी सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पिलर असतात. नऊ बाय नऊचे असतात, नऊ बाय बाराचे असतात, २०१५ नंतर बारा बाय बाराचे झाले. पण पिलर म्हणजे नुसते पाय. पाय कशावर उभे आहेत ते कोण सांगणार?

लोकंथलीचा रस्ता तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. कोटेश्वरकडून भक्तपूरकडे जाताना तिथे महामार्ग फाटला, एक बाजू कमरेइतकी खचली, शेजारची घरं वाकडी झाली. लोक म्हणाले, भूकंपाची भेग इथून गेली. नाही गेली. खालचा मऊ चिकणमातीचा थर उतारावर सरकला आणि वरचं सगळं घेऊन गेला. बोअर मारल्याशिवाय तो थर दिसत नाही.

वाळूचं वागणं आणखी निराळं. येरळेच्या वाळवंटात लहानपणी आपण ओल्या वाळूवर उभं राहून पाय नाचवायचो, आठवतं? पाणी वर यायचं आणि आपण घोट्यापर्यंत रुतायचो. पाण्याने भरलेली सुटी वाळू हादरली की कण एकमेकांचा हात सोडतात, सगळा भार पाण्यावर येतो आणि घडीभर जमीन पातळ होते. १९३४ च्या भूकंपात, ज्याला तुमचे म्हातारे घरबेटी ‘नब्बे साल’चा म्हणतात, उत्तर बिहारचा शेकडो किलोमीटरचा पट्टा असाच खचला. २०१५ ला काठमांडूत हे फार थोड्या ठिकाणी झालं. हिसके कमी होते आणि एप्रिलमध्ये पाणी खोल गेलेलं होतं. बागमती, विष्णुमती, मनोहरेच्या काठांवर भराव टाकून किती प्लॉट पाडलेत ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. हाच भूकंप भादव्यात आला असता तर, हा विचार मी रात्री करत नाही.

आता एक कबुली. ती न देता तुम्हाला शहाणपण शिकवणं बरं दिसणार नाही.

त्या हिवाळ्यात ज्या कन्सल्टन्सीकडून मी काम करत होते तिथे एका मालकाने दोन बोअर मारून घेतले आणि रिपोर्टात चार लिहून मागितले. मी नाही म्हटलं, तर साहेबांनी शेजारच्या प्लॉटचा जुना रिपोर्ट टेबलावर ठेवला. ‘माती तीच आहे, आकडे थोडे हलवून घ्या.’ तो जुना रिपोर्ट मी चाळला तर त्याच्या अकराव्या पानावर तिसऱ्याच वडाचं नाव राहून गेलेलं. तोही कुठून तरी उतरवलेला होता! अशा रिपोर्टावर नक्सा (बांधकामाचा नकाशा) पास होतो, त्या नक्सावर बँक कर्ज देते, आणि त्या इमारतीत तुम्ही पागडी भरून दुकान थाटता. मी चार बोअरचं लिहिलं नाही. पण वीस मीटर जायचं ठरलेलं असताना दहा मीटरवर थांबलेल्या एका बोअरच्या कागदावर माझी सही आहे. ‘पुढे तेच असणार’ असं मला सांगितलं गेलं आणि थंडीला, नाकाबंदीला कंटाळून मी ऐकलं. पुढे तेच होतं की नाही, मला आजही माहीत नाही. तिथे आता इमारत उभी आहे.

म्हणून मला तुमच्याकडे यावंसं वाटलं. नगरपालिकेला पत्र लिहिणारे पुष्कळ आहेत, तिथले अभियंतेही काही आंधळे नाहीत. १९८८ च्या भूकंपानंतर नेपाळने संहिता लिहायला घेतली, १९९४ मध्ये ती तयार केली, २०२० मध्ये सुधारली, त्यात मातीचे चार प्रकार केले. कागद चांगले आहेत. फक्त कागद आणि माती यांच्यामध्ये कुणीतरी विचारणारा लागतो, आणि विचारायची सवय तुमच्याइतकी कुणाला असणार? समोरचा सांगतोय की बावीस कॅरेट आहे, म्हणून तुम्ही कधी पैसे मोजलेत? सख्खा मामा जुन्या दागिन्यांची मोड घेऊन आला तरी तुम्ही कस लावता, टंच काढता, म्हणजे सोनं किती शुद्ध ते ठरवता, मगच बोलता. आणि पंचवीस लाखांची पागडी देताना मात्र ‘२०१५ ला पडली नाही’ एवढ्यावर विश्वास. हा कुठला टंच?

तुमची अडचण मला कळते. जमीन आपल्या नावावर होत नाही, आपण भाडेकरू, परदेशी, चार पैसे मिळवून विट्याला परत जायचं. घरबेटीला माटो परीक्षणाचा रिपोर्ट मागितला तर तो म्हणेल, दुसरं दुकान बघा. म्हणेल खरा. बंडूचाही म्हणाला. पण न्यू रोड, इंद्रचोक, असन या भागांत एकेका इमारतीत आपली पाच-सहा दुकानं आहेत. पाच-सहा भाडेकरूंनी एकदम विचारलं तर प्रश्न वजनदार होतो. तुम्ही ज्या न्यू रोडवर बसता तो रस्ताच मुळात १९३४ च्या भूकंपानंतर, पडलेल्या घरांच्या जागेवर राणा पंतप्रधान जुद्धशमशेरने काढला. त्याचं जुनं नाव जुद्धसडक. म्हणजे ती पेठ भूकंपानेच मोकळी करून दिलेली आहे. घरबेटीला हे ऐकवायला हरकत नाही, तिथले लोक इतिहासाला मान देतात.

विचारायचं काय? मला विचाराल तर आधी नुसते डोळे वापरा. गच्चीवर जा. उद्याच्या मजल्यासाठी सळया उभ्या सोडल्यात का? (गावाकडे आपणही सोडतो, गंजून तांबड्या होईतो.) नक्सा किती मजल्यांचा होता आणि आता किती आहेत? जास्त असतील तर पाया आधीच्याच मजल्यांचा आहे, त्याने रातोरात जेवण वाढवलेलं नाही. मग आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना विचारा, इथे आधी काय होतं? धानाचं शेत, खोला (ओढा), पोखरी (तळं) असं उत्तर आलं तर खाली ओल आहे हे पक्कं समजा. पोखरी बुजवून घर बांधणाऱ्याला ती विसरता येते, जमिनीला येत नाही. आणि मग कागद. निर्माण सम्पन्न प्रमाणपत्र, आणि माटो परीक्षणाचा रिपोर्ट. रिपोर्ट मिळाला तर निष्कर्षाचं पान सोडा, ते सगळ्यांचं सारखंच असतं. शेवटची बोअर लॉगची, म्हणजे खोलीनुसार मातीच्या नोंदींची, पानं बघा. बोअर किती, खोली किती, पाण्याची पातळी कितीवर आणि कुठल्या महिन्यात मोजली, ठोक्यांचे आकडे खाली जाताना कसे बदलले. दोन बोअरमध्ये प्रत्येक मीटरला हुबेहूब तेच आकडे दिसले तर तो रिपोर्ट टेबलावर जन्माला आलाय. माती इतकी आज्ञाधारक नसते.

मऊ मातीवर बांधूच नये असं माझं म्हणणं नाही. तसं म्हटलं तर निम्मं काठमांडू, निम्मं मेक्सिको सिटी मोकळं करावं लागेल. भक्तपूरचं न्यातपोल मंदिर १७०२ सालचं, पाच छपरांचं, १९३४ मध्ये उभं राहिलं आणि २०१५ मध्येही. त्याचा पायऱ्या-पायऱ्यांचा रुंद चौथरा तुम्ही पाहिलाय, त्यावर बसून जुजु धौ, म्हणजे तिथलं दही, खाल्लंय. ज्याने ते बांधलं त्याच्याकडे बोअर नव्हता, पण वजन किती आणि ते कितीभर पसरायचं याचा अंदाज होता. आज आपल्याकडे त्याहून जास्त साधनं आहेत. सुटी सुटी फुटिंग टाकण्याऐवजी सगळ्या पिलरांखाली एकसंध राफ्ट, म्हणजे सलग काँक्रीटची जाड लादी, घालता येतो, फुटिंग ठेवलीच तर ती तुळयांनी एकमेकींना बांधता येतात, वाळू दाबून घट्ट करता येते, मोठ्या इमारतीला पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, घेता येतात. उभ्या इमारतीच्या तळमजल्यात एक-दोन काँक्रीटच्या भिंती घालून माचाणाचे पाय बांधता येतात. शटरची एखादी जागा जाते, म्हणून घरबेटी तयार होत नाही. ती जागा आपल्याच दुकानाची गेली तर आपणही तयार होणार नाही, हेही खरं.

एक गोष्ट मात्र घरबेटीला न विचारता करण्यासारखी आहे. तुमच्या दुकानात गॅसचा सिलिंडर उभा असतो, तेजाबाच्या बाटल्या फळीवर असतात, भट्टी पेटलेली असते आणि दार एकच असतं. इमारत पडली नाही तरी एवढं सामान माणूस मारायला पुरेसं आहे. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा. तेजाब खाली जमिनीवर, काठ असलेल्या प्लास्टिकच्या टबात ठेवा. आमचे वडील तसंच ठेवायचे. भूकंपाला भिऊन नव्हे, माझा धक्का लागून एकदा बाटली पडली होती म्हणून.

कार्तिकात, तिहार (तिथली दिवाळी) झाल्यावर, मी पंधरा दिवस काठमांडूत येतेय. दुपारी दोन ते पाच बंडूच्या दुकानात बसेन. ज्यांना आपापल्या इमारतीचा रिपोर्ट मिळेल त्यांनी घेऊन या, सोबत बसून वाचू. ज्यांना मिळणार नाही त्यांनी निदान जागेचा पत्ता आणि मजल्यांचा आकडा आणा. आपल्या पाच-सहा दुकानांनी मिळून वर्गणी काढली तर एखाद्या इमारतीच्या मागच्या अंगणात नवा बोअरही मारता येईल. तिकाटण्याची सोय मी बघते, आता डिझेलही मिळतं.

बंडूच्या घरबेटीचं उत्तर काल आलं. रिपोर्ट आहे म्हणाला, पण सापडत नाही. बंडू, त्याला म्हणावं, आक्का थांबायला तयार आहे. आणि तू फोटोत दिसतोयस त्याच्या मागे सिलिंडर मोकळा उभा आहे. साखळी आजच आण.

तुमचीच,
विट्याची आक्का